डांबर पाजलेल्या फळ्या

२ फेब्रुवारी

काका,

तुम्ही फोन उचलत नाही. बाबांकडून निरोप पाठवला तर ते तो अर्धाच सांगतात आणि उरलेला अर्धा खोकून टाळतात. म्हणून लिहिते आहे. नमस्कार बाबांच्या हाती वेगळा पाठवला आहे. तो घ्यायचा की परत करायचा ते तुम्ही ठरवा.

बंदर कार्यालयानं ठरवलं आहे की खाडीच्या तळाचा तेलकट गाळ दगड आणि काँक्रीट टाकून कायमचा झाकायचा. तुमच्या कारखान्यासमोरचा पट्टाही त्यात आहे. तो झाकला की उताराच्या तोंडाशीच दगडांचा बांध येईल आणि दुरुस्तीच्या होड्या वर ओढता येणार नाहीत. मग तुमचा कारखाना बंद, आणि बाबांचं कामही बंद.

माझ्या कॉलेजच्या मॅडमनी त्या एका पट्ट्यापुरती मुदत मिळवली आहे. ३१ ऑगस्टपर्यंत गाळाच्या वरच्या वीतभर थरातलं तेल निम्म्यावर येऊ शकतं हे दाखवलं, तर तो पट्टा झाकणार नाहीत. हे काम आम्ही बुरशीकडून करून घेणार आहोत. लाकडाचा जो चिवट भाग दुसऱ्या कुणाला पचत नाही तो बुरशी आपल्या रसानं फोडते. तेलातला चिवट भागही ती त्याच रसानं फोडते. पेंढा आणि भुशावर ती वाढवायची, पिशव्या भरायच्या आणि गाळात पुरायच्या. कुठे विष नाही, यंत्र नाही.

मला तिथे बारा चौकटी ठोकायच्या आहेत. गाळात पायी जायला तुमच्या उताराशिवाय वाट नाही. तेवढी परवानगी द्या.

तुमची पुतणी


९ फेब्रुवारी

बुरशीबाई,

फोन उचलत नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. कागदावर मी बोलत असलो की तुला गप्प बसावं लागतं.

मुदत मिळवली म्हणे. गळ्याला दोर आधी तूच लावायचा, मग दोन बोटं सैल करून उपकार दाखवायचे. नऊ वर्षांपूर्वी इंधनाच्या धक्क्यावरची टाकी फुटली तेव्हा इथे एक माणूस विचारायला आला नाही. आम्ही पाय रॉकेलनं धुतले आणि कामाला लागलो. पुढे सात वर्षं कुणाला त्या गाळाची आठवण नव्हती. मग तू आलीस, घराण्यातली पहिली पदवीधर, पिशवीत काचेच्या डब्या घेऊन. मी स्वतः तुला हात धरून गाळापर्यंत नेलं. काय करतेस विचारलं तर म्हणालीस, कॉलेजचं काम आहे काका. ते कॉलेजचं काम बंदर साहेबाच्या टेबलावर गेलं आणि नोटीस होऊन माझ्या दाराला चिकटलं. खालच्या ओळीत तुझं नाव, त्यात आपलं आडनाव. वाचणाऱ्याला वाटलं असेल, मीच अर्ज केला.

आणि आता बुरशी. चाळीस वर्षं मी होड्यांची लाकडं तासतोय. त्यातली निम्मी बुरशी खरवडण्यात गेली. तळाला उकळतं डांबर पाजतो, तरी चार वर्षांत ती फळीत पुन्हा घर करते. जिला मी उभा जन्म दारातून हाकललं तिला तू टोपलीत घालून, कौतुकानं, माझ्याच दारात आणणार.

उतार वापर. तुझ्यासाठी नाही, तुझा बाप इथे घाम गाळतो म्हणून. गाळात पाय टाकू नकोस, कमरेपर्यंत जाशील. जुन्या होड्यांच्या फळ्या टाकल्या आहेत, त्यांच्यावरूनच चाल. कामगारांशी बोलायचं नाही. माझ्याशीही नाही.

काका


२१ मार्च

काका,

बोलायचं नाही म्हणालात, म्हणून पुन्हा कागद.

चौकटी बसून महिना झाला. एक ते सहा उताराच्या दगडांना लागून आहेत, सात ते बारा तुमच्या फळ्यांच्या कडेनं. मी आले की तुमचे कामगार विचारतात, “ताई, अळंबी कधी उगवणार? पातेलं घेऊन येतो.” तुम्ही वर उभे राहून हसता. हसा. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार फळ्यांबद्दल आहे. होडी मोडली की तिच्या तळाच्या कुजक्या फळ्या तुम्ही गाळावर टाकून देता. त्यांच्यावर काळपट, सालीसारखी सुटणारी कसलीतरी रानटी बुरशी आहे. माझी बुरशी प्रयोगशाळेत वाढवलेली आहे. तिची बाटली उघडतानासुद्धा आम्ही ज्योतीजवळ धरतो, श्वास रोखून. तिच्या शेजारी ती घाण पडलेली चालणार नाही. दोन्ही मिसळल्या तर तेल कुणामुळे कमी झालं हे मला सांगता येणार नाही, आणि जे सांगता येत नाही ते बंदर कार्यालय मानणार नाही.

फळ्या उचला. मला मॅडमनी रुंद तळव्यांचे बूट दिले आहेत, आता चालायला फळ्यांची गरज नाही. तुमच्या माणसांना असेल, तर त्यांनी पाच महिने कळ काढावी.

पुतणी


२८ मार्च

बुरशीबाई,

उचलल्या. एकूण बावीस. तुझ्या सोवळ्या बुरशीला आता कुणाची सावली लागणार नाही.

सगळ्या डांबराच्या भट्टीत घातल्या. मुरलेल्या फळ्या त्या, अशा पेटल्या की हंडा बघता बघता उकळला. चांगलं जळण होतं, चालण्यात फुकट घालवत होतो.

उचलताना खालून खेकडे पळाले, पन्नास तरी असतील. तुझ्या चौकटींत एकही शिरताना दिसला नाही. खेकड्यांनी पदवी घेतलेली नसते, पण कुठे राहावं एवढं त्यांना कळतं.

काका


१४ जून

काका,

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे.

मे अखेरीला घेतलेल्या नमुन्यांचे निकाल आले. एक ते सहा चौकटींत तेल होतं तितकंच आहे. सात ते बारा चौकटींत ते फेब्रुवारीपेक्षा दुप्पट झालं आहे. बुरशीनं काम केलं नाही हे एक वेळ मी मान्य करीन. पण गाळातलं तेल आपोआप वाढत नाही. कुणीतरी ओतल्याशिवाय वाढत नाही.

आणखी एक. नऊ चौकटींच्या दोऱ्यांना मी मारलेल्या गाठी राहिलेल्या नाहीत. वेगळ्याच गाठी आहेत, इतक्या आवळलेल्या की मला त्या सुटल्या नाहीत. म्हणजे कुणीतरी माझ्या मागे चौकटी सोडल्या, काहीतरी केलं आणि पुन्हा बांधल्या.

मी तुमच्यावर आरोप करत नाही. तुमच्याकडे डांबराचे ब्रश रोज डिझेलमध्ये धुतात, ते डिझेल कुठे जातं, आणि मी तोंडावर पडले तर कुणाला बरं वाटेल, एवढंच विचारते. मॅडमना कळवलं आहे. नोंदवहीत “बाहेरून ढवळाढवळ” असं लिहिलं आहे आणि त्याची प्रत बंदर कार्यालयाला गेली आहे.

एक सांगा. माझ्यावरचा राग एवढा मोठा आहे का, की त्यापुढे कारखाना गेला तरी चालेल?

पुतणी


२० जून

पोरी,

आज तुला नाव ठेवायचीही इच्छा नाही.

“आरोप करत नाही” असं लिहून आरोप करायला कुठल्या वर्गात शिकवतात?

ब्रश धुतलेलं डिझेल ड्रममध्ये जातं. फडक्यातून गाळून दुसऱ्या दिवशी तेच वापरतो. गाळायचं काम गेली अकरा वर्षं तुझा बाप करतो. हवं तर त्याचे हात बघ, नखांच्या कडा कधी पांढऱ्या दिसल्यात का. तू जे लिहिलंस ते मला नाही लागलं, त्याला लागलं. त्यानं पत्र वाचलं. मी दिलं वाचायला.

आता गाठी. मेच्या १९ तारखेला वाऱ्याबरोबर मोठी भरती आली. तुझ्या नऊ चौकटी सुटून पाण्यावर तरंगत होत्या. तुझी गाठ म्हणजे वेणीला रिबीन बांधावी तशी, एका हिसक्याला सुटणारी. मी आणि तुझा बाप छातीभर पाण्यात उतरलो आणि एकेक ओढून आणून जागेवर बांधली. आमची गाठ ओली झाली की आवळते, तिला सोडवायची रीत वेगळी असते. होड्या बांधणाऱ्यांच्या घरात वाढलीस आणि घरची गाठ तुला ओळखू आली नाही. तुझ्या बापाला मीच म्हणालो होतो, तिला सांगू नकोस. केलेलं दाखवत फिरायची सवय तुमच्या ऑफिसात असते.

आणि तुझा पेंढा. तो बाराव्या दिवशीच मेला. पिशवी वर काढून बघ, काळी आणि तुंबलेल्या गटाराच्या वासाची झाली असेल. वीतभर खाली गाळात हवा नसते. आम्ही चांगलं लाकूड गाळात खोल पुरून ठेवतो ते याचसाठी, की तिथे काहीच जगत नाही, बुरशीसुद्धा. वीस वर्षांनी काढलं तरी लाकूड कोरं. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तू विचारलंस? तू परवानगी मागितलीस. विचारलं काहीच नाहीस.

तेल गेलेलं बघायचं असेल तर माझ्या फळ्या होत्या तिथला चिखल हातात घे. वास घे. तेल नाही. तुझ्या शुद्ध बुरशीपेक्षा माझी घाण बरी निघाली.

यापुढे उतारावर पाय ठेवू नकोस.

काका


२५ जून

काका,

उतारावर पाय ठेवला नाही. काल ओहोटीला पलीकडच्या धक्क्यावरून होडीनं आले. तुम्ही हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन उभे होतात. तुम्ही मला पाहिलंत, मी तुम्हाला पाहिलं.

माफी मागायची आहे, पण ती नीट मागायला वेळ लागेल आणि तेवढा वेळ आत्ता नाही. आधी मला काय कळलं ते सांगते.

फळ्यांच्या जागेवरचा चिखल हातात घेतला. खरंच वास नव्हता. मग मी माझी फेब्रुवारीची नोंद काढली. सात ते बारा चौकटींचे पहिले नमुने मी फळीवर उभी राहून, हात लांब करून घेतले होते. मला बुडायची भीती वाटत होती. म्हणजे ते नमुने चौकटीच्या मधले नव्हतेच, फळीच्या कडेचे होते. मे महिन्यात मॅडमचे बूट घालून मी मधोमध गेले आणि तिथून घेतले. तेल वाढलं नव्हतं. मी एकदा स्वच्छ जागा मोजली आणि एकदा घाण, आणि मधल्या फरकाला तुमचं नाव दिलं.

तुमच्या फळ्यांनी काय केलं असावं, तर असं. त्या वरच पडलेल्या होत्या. ओहोटीला त्यांना हवा मिळायची, भरतीला पाणी. त्यांच्यावरची बुरशी डांबर पाजलेल्या लाकडावर जगायला शिकलेली, त्यातही खाऱ्या पाण्यात. डांबर खाणारीला तेल अवघड नाही. ती फळीतून खाली चिखलात उतरली असणार आणि खेकड्यांनी बिळं करून तिला हवा पुरवली असणार. माझी बुरशी प्रयोगशाळेतली, तिनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. आणि मी शहाणीनं त्या फळ्या उचलायला लावल्या.

दोन प्रश्न. एखादी तरी फळी उरली आहे का? आणि कुठली फळी कुठे होती, कधी टाकली होती, हे तुम्हाला आठवतं का?

पुतणी


३० जून

आठवतं का म्हणे.

एकही उरलेली नाही. बावीस म्हणालो होतो, बावीस जाळल्या. तू सांगितलंस म्हणून.

होडी मोडली की तिच्या फळ्या आदल्या होडीच्या पुढे टाकायच्या, ही माझी पद्धत. म्हणजे वाट दरवेळी थोडी लांब होते आणि मागचं हलवावं लागत नाही. उताराच्या शेवटच्या ओंडक्यापासून पावलं मोज. माझी पावलं, तुझी नाहीत.

पहिली नऊ पावलं लंगडीच्या फळ्या. ती टाकी फुटली त्याच्या पुढल्या वर्षी मोडली, आठ वर्षं झाली. एका अंगाला कलून चालायची म्हणून लंगडी. पुढची सात पावलं कोळशेवालीच्या, पाच वर्षांपूर्वीच्या. त्यापुढे सहा पावलं तिघा भावांच्या होडीच्या. दोन वर्षं. भांडून तिघे वेगळे झाले आणि होडी कुणालाच नको झाली.

वर दोन बोटं नवा गाळ बसलाय, तो खरवडून टाक आणि मग घे, नाहीतर पुन्हा कुणाला तरी चोर ठरवशील. बाई, कागदावर सगळं मांडून ठेवणारी तू, आणि विचारतेस मला आठवतं का.

उतारावर यायचं नाही हे कायम आहे. होडीनं ये.

काका


१० जुलै

काका,

तुमची पावलं माझ्या दीड पावलाएवढी आहेत. बाबांना चालायला लावून मोजून घेतलं. तुमच्यापेक्षा त्यांचं पाऊल किती आखूड ते त्यांनाच ठाऊक होतं.

निकाल असे. लंगडीच्या जागेवर तेल आजूबाजूच्या गाळाच्या पाचव्या हिश्शाइतकं उरलं आहे. कोळशेवालीच्या जागेवर निम्म्याहून कमी. तिघा भावांच्या जागेवर फक्त पाव भाग गेला आहे. जितकी फळी जुनी तितकं तेल कमी. मॅडमनी तो कागद तीनदा वाचला. असा आठ वर्षांचा प्रयोग मला करता आला नसता. तो तुम्ही चालायच्या सोयीसाठी करून ठेवला होता.

आता माफी. सोबत एक प्रत जोडली आहे. बंदर कार्यालयाला लिहिलं आहे की “बाहेरून ढवळाढवळ” ही नोंद खोटी आहे, चूक नमुने घेणारीची म्हणजे माझी आहे, आणि कारखान्यातल्या माणसांनी प्रयोगाच्या चौकटी वादळात वाचवल्या. खाली सही आहे, कॉलेजचा शिक्का आहे. मॅडम म्हणाल्या, हे पत्र तुझ्या फाइलमध्ये कायमचं राहील, विचार कर. मी विचार केला. बाबांना वेगळं लिहिलं आहे, ते तुम्हाला दाखवतील की नाही माहीत नाही.

आता कठीण गोष्ट. बंदर साहेबांनी आकडे पाहिले आणि विचारलं, “ही तुमची बुरशी आहे कुठे? जळलेल्या फळ्यांच्या गोष्टी सांगून मी काम थांबवू का?” त्यांचं बरोबर आहे. मला ती जिवंत दाखवायला हवी. आणि ती अजून एकाच ठिकाणी असू शकते. उताराचे खालचे तीन ओंडके, अर्धे गाळात, अर्धे वर, दरवर्षी डांबर पाजलेले. मला ते हवे आहेत. नुसतं वरून खरवडून मिळेल ते पुरणार नाही. ती आत मुरलेली असते. ओंडके कापावे लागतील.

ते काढले तर यंदा एकही होडी वर ओढता येणार नाही, हे मला माहीत आहे. हे मागताना मला लाज वाटते आहे, तरी मागते आहे.

पुतणी


१४ जुलै

नाही.

सही-शिक्क्याचं पत्र पोचलं. तुझ्या बापानं ते घडी करून खिशात ठेवलंय, दिवसातून चारदा काढतो. मी वाचलं.

पण ओंडके नाही. ते माझ्या बापानं टाकले. मी बारा वर्षांचा होतो, दोर धरून उभा होतो. त्यांच्यावरून किती होड्या वर आल्या आणि खाली गेल्या याची मोजदाद नाही. सहा होड्या रांगेत आहेत, त्यांच्या मालकांना मी तारखा दिल्यात. आधी तू माझ्या दारावर नोटीस आणलीस, मग माझी वाट जाळायला लावलीस, मग मला चोर ठरवलंस. आता उताराला करवत लावायला सांगतेस. पुढच्या पत्रात काय मागशील? माझा पाय?

मी जिवंत असेपर्यंत त्या ओंडक्यांना कुणी हात लावणार नाही. पुन्हा लिहू नकोस.

काका


२ ऑगस्ट

बुरशीबाई,

तुझा बाप हे पत्र आणि तीन गोणपाटं घेऊन येतोय. गोणपाट ओलं ठेव, खाऱ्या पाण्यानं, नळाच्या नाही. एवढं तरी विचारशील या आशेवर न राहता सांगून टाकतो.

शेजारच्या म्हाताऱ्याच्या धक्क्यावर दगड टाकायला सुरुवात झाली आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, ट्रकमागून ट्रक. त्याचाही उतार होता, माझ्याहून जुना. मंगळवारी बघितला, बुधवारी नव्हता. तो म्हातारा खुर्ची टाकून दिवसभर बघत बसला होता. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो.

मग ठरवलं. परक्याच्या दगडाखाली जायचे असतील तर ओंडके मी माझ्या हातानं काढीन. तुला देण्यासाठी काढले असं मनात आणू नकोस. साहेबाला मिळू नयेत म्हणून काढले.

दोन दिवस लागले. खालची बाजू कोरी होती, करवत अडत होती. वरचा हातभर भाग मात्र आतून पोखरलेला, आणि त्यात ती बसलेली, काळी, तुझ्या भाषेत रानटी. दरवर्षी मी वरून डांबर पाजत होतो आणि ती आतून ते पीत होती. चाळीस वर्षं मी तिला मारतोय असं समजत होतो, आणि घरात ठेवून जेवायला घालत होतो.

सहाही होड्या दुसऱ्या कारखान्यात गेल्या. कामावरची दोन पोरं त्यांच्या मागे गेली. तुझा बाप गेला नाही, त्याला मी जा म्हणालो होतो.

चालली नाही तर मला कळवू नकोस.

काका


२९ ऑगस्ट

काका,

चालली.

तिला आम्ही काचेच्या बशीत नुसतं डांबर आणि खारं पाणी दिलं, दुसरं काहीही नाही. पाचव्या दिवशी काठानं काळी साय धरली. तिसऱ्या आठवड्यात मी ती बशी बंदर साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं. मग तुमच्या पावलांचा नकाशा पाहिला. विचारलं, लंगडी म्हणजे काय? मी सांगितलं. ते हसले नाहीत, पण सही केली.

झालं ते असं. आपल्या उतारासमोरचा पट्टा एक वर्ष झाकायचा नाही. फक्त तेवढाच. शेजारचा मिळाला नाही. मी विचारलं होतं. वर्षभरानंतर पुन्हा मोजणी, आणि तेव्हा निम्म्यावर नसेल तर दगड. दोन वर्षांच्या फळीनं पावच भाग नेला होता, म्हणजे यंदा आपल्याला दाट टाकाव्या लागतील, फळीला फळी लागून. तरी होईल असं मी आज म्हणू शकत नाही. एवढी एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही असं ठरवलं आहे.

अहवालावर निरीक्षक म्हणून तुमचं नाव घातलं आहे, पहिलं. माझं खाली. पुढच्या वर्षी नोटीस लागलीच, तर दाराला दोघांचीही नावं चिकटलेली असतील.

नव्या फळ्यांना ही बुरशी लावून देते. कुठे, किती अंतरावर, कुठल्या बाजूनं टाकायच्या ते तुम्ही सांगा. यावेळी मी विचारते आहे.

पुतणी


४ सप्टेंबर

बुरशीबाई,

माझं नाव कुणाला विचारून घातलंस? पहिलं तर नकोच होतं. आता लोक येऊन माझ्या दारात उभे राहतात आणि ती डांबर खाणारी कुठली ते दाखवा म्हणतात. मी तुझ्या बापाकडे बोट दाखवतो.

उतार उघडा पडलाय. समोर होडी नाही, ठोकाठोकी नाही, सकाळी कारखान्यात शिरलो की कान दुखतात. हे तुझ्यामुळे झालं, आणि त्याचा राग माझा मी ठेवणार आहे. काढून घ्यायला येऊ नकोस.

एका मोडलेल्या होडीच्या फळ्या मिळाल्यात. एकोणतीस. उद्याच्या ओहोटीला टाकतो. लंगडीच्या जागेपासून सुरुवात, आडव्या, पाण्याकडे एक बोट उतरत्या, म्हणजे भरतीचं पाणी वर साचणार नाही आणि तिला हवा लागेल. तुझी काळी घेऊन ये. उतारावरून ये. होडीनं आलीस तर वाट बघत बसावं लागतं.

पहिला नमुना परवा घ्यायचा आहे असं तुझा बाप म्हणाला. यावेळी फळीवर उभी राहून हात लांब करायचा नाही. बूट काढ, त्यांनी वरचा थर दाबला जातो, खाली उतर, कमरेपर्यंत जाईल तर जाऊ दे, आणि मधोमध जाऊन घे. कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक मी वर धरून उभा असेन. ओढायची वेळ आली तर ओढीन, पण एक शब्द बोलणार नाही.

आणि दोर तू बांधू नकोस. गाठ मी मारतो.

काका